एक सर्व्हर, अनेक दारे

आपल्या हैदराबादेत एके काळी दोन टपालखाती शेजारी शेजारी काम करीत होती. एक निजाम सरकारचे आणि दुसरे ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचे. संस्थानाने आपले पहिले टपाल तिकीट १८६९ साली काढले. परंतु ते संस्थानाच्या हद्दीतच चाले. औरंगाबादहून हैदराबादेस येणाऱ्या पत्राला ते पुरेसे होते. मात्र हैदराबादहून पुण्यास किंवा मुंबईस जाणाऱ्या पत्राला हिंदुस्थान सरकारचे तिकीट लावावे लागे. पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानाचे स्वतंत्र अस्तित्व संपले आणि १ एप्रिल १९५० पासून येथेही भारतीय टपालाची तिकिटेच चालू लागली. त्या काळच्या हैदराबादकराला एक गोष्ट न शिकवताच कळत असे. पत्र कोणाला लिहिले आहे याला जितके महत्त्व आहे, तितकेच ते कोणत्या वाटेने बाहेर पडते यालाही आहे.

आजचे ईमेल वरवर पाहता या साऱ्या उपाधींतून मुक्त झालेले दिसते. त्याला तिकीट नाही, शिक्का नाही, पेटीपर्यंत चालत जाणे नाही. परंतु थोडे खोलात शिरले, म्हणजे असे आढळून येते की ईमेललाही वाट असते, दार असते, आणि ते कोणत्या दाराने बाहेर पडले यावर पलीकडे होणारे त्याचे स्वागत अवलंबून असते. एकाच सर्व्हरवरून अनेक डोमेनांची पत्रे जात असतील, तर प्रत्येक डोमेनला स्वतंत्र सार्वजनिक आय.पी. क्रमांक द्यावा काय, आणि द्यावयाचा झाल्यास कसा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय तांत्रिक असला तरी कला शाखेच्या पदवीधराने त्याला भिण्याचे कारण नाही. कारण त्याची बरीचशी परिभाषा टपालखात्यातूनच उसनी घेतलेली आहे.

एका संस्थेची अनेक नावे

ईमेलच्या पत्त्यात 'ॲट' या चिन्हाच्या डावीकडे व्यक्तीचे नाव असते व उजवीकडे तिच्या घराण्याचे. या चिन्हाचा असा उपयोग रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली प्रथम केला. उजवीकडच्या या घराण्याच्या नावालाच डोमेन म्हणतात.

आता अशी कल्पना करा की आपल्या विद्यानगरात, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी, एक शिक्षणसंस्था आहे. तिची एक शाळा, एक ग्रंथालय आणि एक पुस्तकभांडार आहे. तिघांची डोमेने निरनिराळी आहेत. सोयीसाठी आपण त्यांना 'शाळा.उदाहरण', 'ग्रंथालय.उदाहरण' आणि 'भांडार.उदाहरण' म्हणू. संस्था गरीब असल्यामुळे तिघांचे टपाल सांभाळणारा सर्व्हर मात्र एकच आहे. हा प्रकार काही जगावेगळा नव्हे. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने आपले पहिले राष्ट्रीय डेटा सेंटर २००८ साली आपल्या हैदराबादेतच सुरू केले. अशा केंद्रांत अनेक सरकारी खात्यांची निरनिराळी नावे एकाच छताखाली नांदत असतात.

आपल्या भाषांच्या बाबतीत एकाहून अधिक डोमेने बाळगण्याचे आणखीही एक कारण आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये '.भारत' हे देवनागरी डोमेन खुले झाले. मराठी, हिंदी आणि माझ्या घरची भाषा कोकणी यांना ही एकच लिपी चालत असल्यामुळे तिन्ही भाषकांना त्याचा लाभ झाला. ईमेलचा संपूर्ण पत्ता आपल्या लिपीत असावा यासाठी लागणारे नियमही २०१२ सालीच ठरलेले आहेत. परंतु जगातील सर्वच सर्व्हर असे पत्ते अजून स्वीकारीत नाहीत. म्हणून जी संस्था देवनागरी नाव घेते, तिला बहुधा रोमन लिपीतील दुसरे नावही जवळ ठेवावे लागते. म्हणजे पुन्हा दोन डोमेने आलीच.

नाव आणि क्रमांक

माणसांना नावे लक्षात राहतात, यंत्रांना क्रमांक लागतात. इंटरनेटवरील प्रत्येक सार्वजनिक दाराला एक आय.पी. क्रमांक असतो. त्याच्या जुन्या व अजूनही सर्वाधिक परिचित प्रकारात बिंदूंनी वेगळे केलेले चार आकडे असतात आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधील असतो. उदाहरणार्थ, २०३.०.११३.११. हा क्रमांक पाठ्यलेखनासाठी राखून ठेवलेल्या गटातील आहे. तो प्रत्यक्षात कोणाचाही नाही.

ही कल्पना आपल्याला नवी वाटू नये. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, टपालखात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. विद्यानगरचा पिनकोड ५०००४४ आहे. त्यातील पहिला ५ हा देशाचा एक विभाग दाखवतो, पहिले तीन अंक मिळून हैदराबादचा वर्गीकरण-जिल्हा दाखवतात आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारे टपालघर सांगतात. म्हणजे क्रमांक मोठ्याकडून लहानाकडे वाचावयाचा असतो. आय.पी. क्रमांकाचेही तसेच आहे. याउलट पाकिटावर आपण आधी घर, मग गल्ली, मग शहर असे लहानाकडून मोठ्याकडे लिहितो. डोमेनचे नाव या दुसऱ्या पद्धतीचे आहे. त्याचा सर्वांत मोठा घटक शेवटी येतो.

नावावरून क्रमांक शोधून देणारी जी जगद्व्यापी निर्देशिका आहे, तिला डी.एन.एस. असे म्हणतात. पॉल मॉकापेट्रिस याने तिचा आराखडा १९८३ साली प्रसिद्ध केला. या निर्देशिकेत एक उलटी नोंदही असते. तिच्यात क्रमांक दिला असता नाव मिळते. ही नोंद शोधताना क्रमांकाचे चारही आकडे उलट्या क्रमाने लिहितात. त्यामुळे तोही नावाप्रमाणे लहानाकडून मोठ्याकडे वाचला जातो. या नोंदीला पी.टी.आर. म्हणतात. तिचे काम पुढे पडणार आहे.

येणाऱ्या पत्रांची वाट

एका सर्व्हरने दुसऱ्याला पत्र कसे द्यावे याचे नियम एस.एम.टी.पी. या नावाने ओळखले जातात. जॉन पोस्टेल याने ते ऑगस्ट १९८२ मध्ये ज्या स्वरूपात मांडले, त्याचा गाभा आजही टिकून आहे. पुढे जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज याने एम.एक्स. नावाच्या नोंदीचा उपयोग कसा करावा हे विशद केले. 'या डोमेनचे टपाल अमुक नावाच्या सर्व्हरकडे आणून द्या', एवढेच ही नोंद सांगते.

येथे पहिला महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. टपाल स्वीकारण्यासाठी तीन डोमेनांना तीन क्रमांक लागत नाहीत. तिन्ही डोमेनांच्या एम.एक्स. नोंदींत एकाच सर्व्हरचे नाव घातले, तरी चालते. वाड्यात तीन बिऱ्हाडे असली आणि देवडीवर एकच पहारेकरी असला, तरी पाकिटावरील नाव वाचून तो प्रत्येकाचे पत्र ज्याचे त्याला पोचवतो. तसेच हे. क्रमांकांचा प्रश्न उभा राहतो तो पत्र बाहेर पाठवताना.

जाणाऱ्या पत्रांची वाट

आपल्या सर्व्हरने एखाद्या परक्या सर्व्हरचे दार ठोठावले, की त्या परक्याला चार गोष्टी दिसतात. पहिली, ठोठावणाऱ्याचा आय.पी. क्रमांक. दुसरी, ठोठावणारा आपले जे नाव सांगतो ते; याला आपण नमस्काराचे नाव म्हणू. तिसरी, पाकिटावर लिहिलेला प्रेषक. आणि चौथी, पाकीट उघडल्यावर पत्राच्या माथ्यावर दिसणारा प्रेषक. वाचकाच्या डोळ्यांना फक्त ही चौथी गोष्ट दिसते.

या चारांपैकी शेवटच्या तीन गोष्टी लबाड मनुष्य मनाला येईल तशा लिहू शकतो. पहिली मात्र सहसा खोटी सांगता येत नाही. पत्राची देवघेव हे दोन सर्व्हरांमधील दुतर्फा संभाषण आहे. क्रमांक खोटा सांगितला तर पलीकडचे उत्तर भलत्याच ठिकाणी जाईल आणि संभाषण पहिल्याच वाक्यात खुंटेल. म्हणून जगातील टपालसर्व्हर पत्राची पारख करताना क्रमांकाला फार मान देतात.

पत आणि काळी यादी

नको असलेल्या टपालाचा इतिहास जुना आहे. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क या विक्रेत्याने संगणकांची जाहिरात करणारे एकच पत्र अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकदम धाडले आणि बरीच ओरड झाली. पुढे हा उपद्रव इतका वाढला की १९९७ साली पॉल व्हिक्सी व त्याचे सहकारी यांनी उपद्रवी क्रमांकांची एक काळी यादी सुरू केली. १९९८ साली स्टीव्ह लिनफर्ड याने स्पॅमहाऊस ही संस्था स्थापन केली. तिच्या याद्या आजही जगभर वापरल्या जातात. याखेरीज मोठे टपालवाहक प्रत्येक क्रमांकाचा स्वतःचा हिशेब ठेवतात. किती पत्रे आली, किती पत्ते अस्तित्वातच नव्हते, किती वाचकांनी 'हे नको' म्हणून तक्रार केली, यांवरून त्या क्रमांकाची पत ठरते. बाजारात व्यापाऱ्याची पत असते, तशीच ही.

आता आपल्या संस्थेकडे वळू. दिवाळीच्या सुमारास पुस्तकभांडाराने सवलतीच्या दराची जाहिरात २०,००० पत्त्यांवर पाठवली असे समजा. त्यांतील बरेच पत्ते जुने होते. कित्येकांनी पत्रे न वाचताच तक्रार नोंदवली. क्रमांकाची पत घसरली. त्याच आठवड्यात शाळेने दहावीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेचा अर्ज भरण्याची अंतिम तारीख कळवली. शाळेचा काहीच अपराध नव्हता. परंतु तिची पत्रेही त्याच दाराने बाहेर पडत होती. काही परत आली, तर काही पालकांच्या स्पॅमच्या पेटीत जाऊन पडली, जिकडे कोणी सहसा फिरकत नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे. ज्या घरात शिष्यवृत्तीच्या एका पत्रावर मुलाचे पुढील शिक्षण अवलंबून असते, त्या घरी या जळण्याची झळ किती लागेल, हे सांगावयास नको.

आपल्या विषयाचे मर्म येथेच आहे. एका क्रमांकाने बाहेर पडणारी सर्व डोमेने एकमेकांच्या पतीची भागीदार असतात. ही भागीदारी तोडावयाची असेल, तर दारे निराळी करावी लागतात.

दारे निराळी कशी करावी

एका सर्व्हरला एकाहून अधिक आय.पी. क्रमांक देता येतात. आपल्या संस्थेने आपल्या इंटरनेट-पुरवठादाराकडून तीन क्रमांक घेतले असे धरू. शाळेला २०३.०.११३.११, ग्रंथालयाला २०३.०.११३.१२ आणि भांडाराला २०३.०.११३.१३. परंतु क्रमांक घेतले म्हणजे काम संपले असे नाही. सर्व्हरला निराळे काही सांगितले नाही, तर तो सगळी पत्रे सवयीच्या एकाच दाराने पाठवीत राहतो. यासाठी पाच गोष्टी क्रमाने कराव्या लागतात.

पहिली गोष्ट, प्रेषक पाहून दार निवडणे. पाकिटावरील प्रेषकाचे डोमेन पाहून 'हे पत्र अमुक क्रमांकाने पाठव' अशी आज्ञा टपालाच्या प्रोग्रॅमला द्यावी लागते. विट्झे व्हेनेमा या डच संगणकशास्त्रज्ञाने लिहिलेला आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेला पोस्टफिक्स हा असा एक प्रोग्रॅम आहे. त्याच्या २.७ या २०१० सालच्या आवृत्तीपासून प्रेषकावरून पाठवणीची वाट ठरवण्याची सोय त्यात आली. प्रत्येक वाटेला तिचा क्रमांक व तिचे नमस्काराचे नाव निरनिराळे लावता येते.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. पत्र पोचले नाही असे कळवणारी जी परतीची सूचना असते, तिच्या पाकिटावर प्रेषकाची जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. एरवी दोन सर्व्हर एकमेकांना अशा सूचना अखंड पाठवीत बसतील. रिकाम्या प्रेषकाला डोमेन नसते. म्हणून अशा सूचना कोणत्या दाराने जाव्यात, हे सर्व्हरला स्वतंत्रपणे सांगावे. नाही तर त्या सवयीच्या दाराने जातात.

दुसरी गोष्ट, बाहेरच्या फाटकाकडे लक्ष देणे. पुष्कळ ठिकाणी सर्व्हरला आतला खाजगी क्रमांक असतो आणि बाहेर पडताना राऊटर त्याऐवजी सार्वजनिक क्रमांक लावतो. वाड्याला आत दारे तीन असली, पण रस्त्यावर उघडणारे फाटक एकच असले, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच फाटक दिसणार. म्हणून आतल्या प्रत्येक क्रमांकाला बाहेरचा एकेक क्रमांक नेमून द्यावा लागतो. हे पाऊल विसरले, तर सर्व्हरवर सर्व काही बिनचूक दिसते आणि बाहेर मात्र तिन्ही डोमेने एकाच क्रमांकाने जात राहतात.

तिसरी गोष्ट, उलटी नोंद. प्रत्येक क्रमांकाची पी.टी.आर. नोंद असली पाहिजे. तिच्यात आलेले नाव पुन्हा त्याच क्रमांकाकडे नेणारे असले पाहिजे. आणि नमस्काराचे नावही तेच असावे. क्रमांकावरून नाव, नावावरून क्रमांक आणि तोंडाने सांगितलेले नाव या तिन्हींचा मेळ बसला, की परक्या सर्व्हरचा पहिला संशय फिटतो. ही उलटी नोंद डोमेनच्या मालकाला परस्पर करता येत नाही. क्रमांकांचा गट ज्याच्या ताब्यात आहे, त्या पुरवठादाराकडूनच ती करून घ्यावी लागते.

चौथी गोष्ट, अधिकृत दारांची जाहीर यादी. एस.पी.एफ. या नोंदीत डोमेनचा मालक जगाला सांगतो की 'माझ्या नावाची पाकिटे अमुक क्रमांकांवरून येतील'. या पद्धतीचे नियम प्रथम २००६ साली व सुधारून २०१४ साली प्रसिद्ध झाले. दारे बदलली की ही यादीही बदलली पाहिजे. शाळेच्या नोंदीत ११ क्रमांकाचे दार लिहिलेले असेल आणि पत्र १३ क्रमांकाच्या दाराने गेले, तर प्रामाणिक पत्रही तोतया ठरते.

पाचवी गोष्ट, मोहोर. डी.के.आय.एम. ही २००७ साली प्रसिद्ध झालेली पद्धत पत्रावर गणिती मोहोर उठवते. पत्र वाटेत बदलले तर मोहोर जुळत नाही. मोहोर डोमेनची असते, क्रमांकाची नसते. म्हणून ती प्रत्येक डोमेनला स्वतंत्र हवी. या दोहोंवर २०१५ सालच्या डीमार्क या पद्धतीने कळस चढवला. पत्राच्या माथ्यावरचे डोमेन आणि पाकिटावरचे किंवा मोहोरेतील डोमेन यांचा मेळ बसतो की नाही हे ती पाहते आणि मेळ बसला नाही तर पत्राचे काय करावे, हे डोमेनच्या मालकाकडूनच जाणून घेते.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी या गोष्टी ऐच्छिक ठेवलेल्या नाहीत. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक पत्रे पाठवणाऱ्याला एस.पी.एफ., डी.के.आय.एम. व डीमार्क या तिन्ही पद्धती पाळाव्या लागतात. उलटी नोंद तर लहानमोठ्या सर्वच प्रेषकांना लागते. मोठ्या प्रेषकांच्या बाबतीत तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत पोचू नये असाही दंडक आहे. म्हणजे १,००० पत्रांमागे तीन वाचकांनीही तक्रार केली, तर ती मर्यादेची रेषा झाली.

काही गैरसमज

या विषयात काही समजुती रूढ आहेत. त्यांची छाननी केल्याशिवाय विवेचन पुरे होणार नाही.

पहिली समजूत अशी की पी.टी.आर. नोंदीतले नाव आणि पत्रातील डोमेन एकच असले पाहिजे, आणि म्हणून प्रत्येक डोमेनला क्रमांक निराळा हवाच. हे खरे नाही. वर सांगितलेला मेळ हा सर्व्हरचे नाव व सर्व्हरचा क्रमांक यांच्यातील आहे. पोस्टमनच्या ओळखपत्रावर पोस्टमनचेच नाव असते. पत्र लिहिणाऱ्याचे नसते. जगातील असंख्य सर्व्हर एकाच क्रमांकावरून शेकडो डोमेनांची पत्रे पाठवतात आणि ती सुखरूप पोचतात. क्रमांक निराळे घेण्याचे खरे कारण पतीचे विभाजन हे आहे.

दुसरी समजूत अशी की क्रमांक बदलला की मागचा डाग धुऊन निघतो. पत क्रमांकाची असते, तशीच डोमेनचीही असते. भांडाराने घर बदलले तरी नाव तेच राहते आणि लोक नावही लक्षात ठेवतात. शिवाय शेजारच्या क्रमांकांवर उपद्रव होत असला, तर काही याद्या सबंध गटावरच बोट ठेवतात. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार क्वचित का होईना, घडतो.

तिसरी गोष्ट समजुतीपेक्षा लबाडी म्हणावी अशी आहे. काही उपद्रवी लोक आपले टपाल शेकडो क्रमांकांवर थोडे थोडे विभागतात. बर्फाळ देशांत माणसे पाय रुतू नयेत म्हणून रुंद, जाळीदार पादत्राणे घालतात. भार पसरला की ठसा खोल उमटत नाही. तसाच हा डाव असतो. काळ्या याद्या ठेवणाऱ्यांना तो चांगलाच ठाऊक आहे. निराळे दार हे आपली ओळख स्पष्ट करण्यासाठी आहे. ती लपवण्यासाठी त्याचा उपयोग करू पाहणारा लवकरच पकडला जातो.

चौथी समजूत अशी की निराळा क्रमांक नेहमीच हिताचा. महिन्याला पन्नासच पत्रे पाठवणाऱ्या ग्रंथालयाला नवा क्रमांक दिला, तर त्या क्रमांकाला पूर्वेतिहासच नसतो. अनोळखी माणसाला सावकार एकदम मोठी रक्कम देत नाही. तो आधी थोडे देऊन परतफेड पाहतो. नव्या क्रमांकानेही आरंभी थोडी पत्रे, मग हळूहळू अधिक, असे वाढत जावे लागते. ज्याच्याकडे वाढवण्याइतकी पत्रेच नाहीत, त्याने चांगल्या पतीच्या सामाईक दारानेच गेलेले बरे.

क्रमांकांची टंचाई

वाचक विचारतील, मग प्रत्येकाला हवे तेवढे क्रमांक का देऊ नयेत? कारण ते मुळातच मोजके आहेत. चार आकड्यांच्या पद्धतीत एकूण ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक होतात. जगाच्या आजच्या लोकसंख्येपेक्षाही ते कमी आहेत. त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला आणि १५ एप्रिल २०११ पासून आशिया-प्रशांत विभागात उरलेल्या क्रमांकांचे काटकसरीने वाटप सुरू झाले. भारतात हे वाटप २०१२ पासून आय.आर.आय.एन.एन. ही राष्ट्रीय नोंदवही पाहते. नव्या, सहाव्या आवृत्तीच्या पद्धतीत क्रमांकांना तोटा नाही. पण तेथे पतीचा हिशेब बहुधा एकेका क्रमांकाचा न ठेवता सबंध गटाचा ठेवतात. त्यामुळे केवळ शेवटचे आकडे बदलून दारे निराळी होत नाहीत.

तेव्हा आपल्या काल्पनिक संस्थेने काय करावे? तीन डोमेने आहेत म्हणून तीन क्रमांक, असा सरधोपट हिशेब मांडू नये. पत्रांचा स्वभाव पाहावा. शाळेची व ग्रंथालयाची पत्रे एकेका व्यक्तीला उद्देशून, अपेक्षित आणि आवश्यक असतात. त्यांनी एकाच दाराने जावे. भांडाराच्या जाहिराती घाऊक असतात. त्यांना दुसरे दार द्यावे. दोन क्रमांकांत काम भागते आणि शाळेचे पत्र भांडाराच्या पापपुण्यापासून मोकळे राहते. भांडारानेही ज्यांनी मागितली त्यांनाच जाहिरात पाठवावी, नको म्हणणाऱ्याचे नाव तत्काळ काढावे आणि मेलेले पत्ते वेळोवेळी गाळावेत. या शिस्तीवाचून निराळे दार फार दिवस उपयोगी पडत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, लहानपणी आपल्याला संगतीचे महत्त्व सांगितले जाते, तेव्हा तो एक रुक्ष उपदेश वाटतो. यंत्रांच्या जगातही तोच न्याय लागू असलेला पाहून मौज वाटते. परंतु त्यात एक भेदही आहे. माणसाला कोणाच्या संगतीत राहावयाचे हे स्वतः ठरवता येते. पत्राला येत नाही. शाळेचे पत्र कोणाबरोबर प्रवास करील हे पाठवणाऱ्यानेच ठरवावयाचे असते. तंत्रज्ञ होऊन उद्या तुमच्यापैकी कोणी अशा सर्व्हरची किल्ली हाती घेईल, तेव्हा पलीकडे एखादे घर आपल्या पत्राची वाट पाहत आहे, एवढे त्याने ध्यानात ठेवावे.

स्वाध्याय

१. वडीलधाऱ्यांच्या परवानगीने घरातील एखादे ईमेल उघडा आणि 'मूळ संदेश दाखवा' हा पर्याय निवडा. पत्र कोणत्या आय.पी. क्रमांकावरून आले ते शोधा.

२. त्याच पानावर एस.पी.एफ., डी.के.आय.एम. व डीमार्क यांचे निकाल दिलेले असतात. एक बँकेचे पत्र व एक जाहिरातीचे पत्र घेऊन त्यांची तुलना करा.

३. टपाल स्वीकारण्यासाठी तीन डोमेनांना एकच क्रमांक का पुरतो, आणि पाठवताना तो का अपुरा पडू शकतो, हे आठ-दहा ओळींत लिहा.

४. आपल्या पिनकोडमधील प्रत्येक अंकाचा अर्थ जवळच्या टपालघरात जाऊन विचारा व वर्गात सांगा.